डोंबिवलीच्या नळाला भीमेचं पाणी

मे महिन्यात डोंबिवलीच्या नळाला जे पाणी येतं, त्यातलं बरंचसं निसर्गाच्या हिशेबाने पंढरपूरला जायला हवं होतं. मावळातली आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत जाते आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. पण १९२२ पासून आंध्रेचं पाणी ठोकरवाडीला अडवलं जातं. तिथून ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळतं, पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून पोलादी नळांतून भिवपुरीच्या वीजघरात कोसळतं आणि जनित्रं फिरवून झाल्यावर उल्हास नदीत उतरतं. मग कर्जत, नेरळ, बदलापूर करत ते कल्याणच्या पाणीउपशाच्या पंपांपर्यंत पोचतं.

‘बरंचसं’ म्हटलं, कारण वाटेत बारवी धरणाचं पाणी त्यात मिसळतं. कुणी किती उचलायचं याचा हिशेब दरवर्षी पाटबंधारे खातं मांडतं. पण आंध्रेची धार आटली तर उल्हासेवर जगणाऱ्या सगळ्या शहरांची उन्हाळ्यात त्रेधा उडेल, यात शंका नाही. तिकडे घाटापलीकडे, सोलापूरसारख्या पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर दिवस काढणाऱ्या जिल्ह्यांतून हे पाणी भीमेला परत द्या, अशी मागणी अधूनमधून होत असते. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे बुडत्या मुलखाने कोरड्या मुलखाचं पाणी प्यावं, असा हा व्यवहार. आणि त्याच ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात मार्च सरला की टँकर फिरू लागतात.

हा घोळ काही एका वर्षात झाला नाही. त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात प्रत्येक वेळी कुणीतरी फार मोठं, फार कौशल्याचं काम केलं आहे.

नळ येण्याआधीचा कोकण पाणी कसं साठवत होता, ते पाहायला ठाण्यात अजून जागा आहेत. शिलाहारांच्या काळात ठाणं हे श्रीस्थानक होतं. मासुंदा तलाव त्या काळचा मानला जातो. त्याच्या काठचं कोपिनेश्वराचं मंदिर पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी नव्याने उभारलं. कल्याणात शेणाळे तलाव, म्हणजे आजचा काळा तलाव. त्याच्या काठी मोगल फौजदार मोतबरखानाची कबर आहे. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं, आणि ते वालधुनी नदीच्या काठी उभं आहे. देऊळ, तळं, मशीद, कबर, वाडा अशी या गावांची घडणच पाण्याच्या कडेने झाली. ठाण्यात एके काळी साठाहून अधिक तलाव होते असं सांगतात; आज पस्तीसच्या आसपास उरले आहेत.

या तळ्यांमागचं शहाणपण साधं होतं. कोकणचा पाऊस चार महिन्यांत येतो आणि जातो. खाली काळा बेसाल्ट, त्यात पाणी मुरायला फटी कमी. डोंगराचा उतार असा, की सकाळी येऊरच्या डोंगरावर पडलेलं पाणी संध्याकाळपर्यंत खाडीत. तेव्हा सखल जागी बांध घालून ते अडवायचं, तळ्यात साठलेल्या पाण्याने खालच्या अंगाच्या विहिरींचा पाझर टिकवायचा, आणि उन्हाळ्यात तळं उतरलं की गाळ काढून तो शेतात टाकायचा. येऊरच्या पायथ्याच्या पोखरण तलावाचं नाव आज ठाण्यातल्या दोन मोठ्या रस्त्यांना आहे. त्या रस्त्यांवर राहणाऱ्यांपैकी किती जणांना ते पाण्याचं नाव आहे हे माहीत असेल, याची मला शंका आहे.

मात्र या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना जरा जपून राहावं. तळं गावाचं, पण सगळ्या गावाचं नव्हे. याच कोकणात महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि तोही मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाल्यानंतर. नगरपालिकेचा सार्वजनिक नळ आला तेव्हा अनेकांसाठी ती सुटका होती. नळाने आपल्याला आळशी केलं असं म्हणणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

नळाची गोष्ट सुरू होते ती मुंबईच्या तहानेतून. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. त्याच १८५४ च्या उन्हाळ्यात मुंबईत पाण्याची एवढी टंचाई झाली, की बाहेरून पाणी आणावं लागलं आणि शहरातली गुरं बाहेर हलवावी लागली. मग हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या उगमाजवळ विहारचा तलाव बांधला गेला. तो १८६० मध्ये पुरा झाला. विहार साष्टी बेटावर, आणि साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० मध्ये. १८७९ चा तुळशीचा तलावही त्याच मुलखातला. म्हणजे मुंबईने पहिल्यांदा शहराबाहेर हात पसरला तेव्हाच तो ठाणे जिल्ह्याच्या पाण्यात पडला होता.

विहार आणि तुळशी पुरणार नाहीत हे मेजर हेक्टर टुलॉक या पालिकेच्या अभियंत्याला विहार बांधून एक तप होतं न होतं तोच कळलं होतं. १८७२ च्या अहवालात त्याने दूरच्या नद्यांची पाहणी मांडली, आणि त्यात तानसा होती. शहापूरच्या जंगलातली ही नदी. एवढ्या लांबून पाणी आणायचं म्हणजे वेडेपणा, असं तेव्हा अनेकांना वाटलं असणार. पण शहर वाढत होतं, गिरण्या वाढत होत्या, आणि अखेर डब्ल्यू. जे. बी. क्लर्क या अभियंत्याच्या देखरेखीखाली तानसाचं काम झालं. जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत! चुना, दगड आणि माणसांचे हात यांच्या बळावर उभं राहिलेलं हे काम तेव्हा जगातल्या मोठ्या दगडी धरणांत गणलं गेलं. १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लान्सडाऊन यांनी त्याचं उद्घाटन केलं. क्लर्कने पुढे लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे या कामावर निबंध वाचला. तानसाचे नळ शहापूर, भिवंडीच्या शिवारातून, खाडी ओलांडून मुंबईत गेले आणि अजूनही जातात. नंतर १९१५, १९२५ आणि १९४८ अशा टप्प्यांनी ही योजना वाढत गेली.

तानसाबद्दल मनात आदर ठेवूनही एक गोष्ट सांगायला हवी. या योजनेत पाणी जिथून घेतलं त्या मुलखाचा विचार शून्य होता. जंगल आणि जमीन पाणलोट म्हणून राखून ठेवली गेली, कारण शहराचं पाणी स्वच्छ राहायला हवं. त्यामुळे जंगल वाचलं, हा फायदा खरा; १९७० मध्ये तिथे अभयारण्य झालं. पण ज्या ठाकर, कातकरी, वारली वस्त्या त्या जंगलात होत्या, त्यांच्यासाठी तलाव हा दुरून बघायचा झाला. वसाहतीच्या सरकारकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा नव्हती. पुढच्या सरकारांनी हाच कित्ता गिरवला, हे मात्र खटकतं.

मुंबईत पाणी आलं आणि विहिरींचे दिवस भरले. सी. ए. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला आणि शहरातल्या विहिरी, टाक्या डासांची पैदास करतात असं दाखवलं. त्यानंतर विहिरी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम निघाली. पारशी आणि हिंदू समाजांतून धार्मिक कारणांनी विरोध झाला. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही पाणी देते. पण एकूण कल ठरून गेला. नळाचं पाणी शुद्ध, विहिरीचं पाणी रोगट. हा धडा मुंबईकडून हळूहळू ठाण्या-कल्याणला आला. जुनी विहीर म्हणजे कचरा टाकायची जागा, तळं म्हणजे भर घालून मिळवायची जमीन, असं समजण्यात मग कुणालाच काही वावगं वाटेना.

आता आंध्रेकडे परत येऊ, कारण या कथेचा सगळ्यात विलक्षण भाग तोच आहे.

जमशेटजी टाटांच्या डोक्यात घाटमाथ्याच्या पावसावर वीज करायची कल्पना होती. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराने काळवंडल्या होत्या आणि लोणावळ्याच्या आसपास एवढा पाऊस पडतो, की तो पूर्वेला संथ वाहून जाण्याऐवजी पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडला तर गिरण्या फिरतील, असा तो हिशेब. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. काम पुढे नेलं ते दोराबजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. १९२२ मध्ये आंध्रेचं पाणी घेणारं भिवपुरी सुरू झालं. मग मुळशीचं पाणी घेऊन भिरा, १९२७ मध्ये. मुळशीच्या धरणाला मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह करून विरोध केला आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ झाले. हा लढा बुडणाऱ्या जमिनींसाठी होता. पाणी आपल्या खोऱ्यातून कायमचं दुसऱ्या खोऱ्यात चाललं आहे, या मुद्द्यावर तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. दुष्काळी भीमेच्या काठी उसाचे मळे आणि साखर कारखाने अजून उभे राहायचे होते.

वीज हाच या योजनेचा हेतू. जनित्रातून बाहेर पडलेलं पाणी तेव्हा जवळजवळ टाकाऊ होतं. ते खोपोलीला पाताळगंगेत, भिवपुरीला उल्हासेत आणि भिऱ्याला कुंडलिकेत सोडून दिलं गेलं. एरवी उन्हाळ्यात डबक्या-डबक्यांची होणारी उल्हास त्यामुळे बारमाही झाली. पुढच्या पन्नास वर्षांत तिच्या काठी जे काही उभं राहिलं, ते या टाकाऊ पाण्याच्या भरवशावर. अशा फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत माणसं लवकर विसरतात.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं, नदीच्या नावावरून. एखाद्या शहराने नदीचं नाव घ्यावं आणि पुढे त्याच खोऱ्यातल्या वालधुनीचा नाला करावा, हा दैवदुर्विलास म्हणावा, पण त्यात दैवाचा हात कमी आणि कारखान्यांचा व सांडपाण्याचा जास्त. हजार वर्षांपूर्वी अंबरनाथच्या कारागिरांनी ज्या नदीकाठी देवळाचं शिल्प घडवलं, तिचं पाणी आज हात बुडवण्याच्या लायकीचंही नाही.

मुंबईची तहान याच काळात वैतरणेपर्यंत पोचली. मुंबई पालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक हे या टप्प्याचे नायक. १९४८ मध्ये त्यांनी अमेरिकी नियोजक आल्बर्ट मेयर यांच्यासह बृहन्मुंबईचा आराखडा मांडला, आणि १९५४ मध्ये वैतरणेवरचं धरण पुरं झालं. त्याला मोडकसागर म्हणतात. शहर कुठे पसरावं हे सांगणारा आणि त्याला पाणी कुठून आणावं हे पाहणारा माणूस एकच होता, असा योग पुन्हा आला नाही. नंतरचं नियोजन उलट्या क्रमाने झालं: आधी इमारती, मग रहिवासी, मग मोर्चा, मग टँकर, आणि शेवटी धरणाचा प्रस्ताव.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं. अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्टा इथल्या कारखान्यांना पाणी हवं म्हणून महामंडळाने बदलापूरजवळ बारवी धरण बांधलं. पहिला टप्पा १९७२ च्या सुमाराचा. बारवीचं पाणी नदीत सोडायचं, आपटीच्या बंधाऱ्यावर उचलायचं, जांभूळच्या केंद्रात शुद्ध करायचं, अशी रचना. धरण उद्योगांसाठी होतं, पण कारखान्यांमागे माणसं आली, माणसांमागे चाळी आल्या, आणि बारवी पिण्याच्या पाण्याचं धरण होऊन बसलं.

ते १९७२ साल महाराष्ट्र विसरणार नाही. घाटावर अन्नाचा आणि पाण्याचा दुष्काळ पडला होता, माणसं खडी फोडत होती. त्या दुष्काळाने पुण्याच्या विलासराव साळुंखे या उद्योजकाला अस्वस्थ केलं आणि पुरंदर तालुक्यातल्या नायगावला त्यांनी देवस्थानची माळरान जमीन भाडेपट्ट्याने घेऊन प्रयोग सुरू केला. त्यातून १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल. माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी उचलायचा. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. कोरड्या मुलखाने पाण्याचं जे शिक्षण स्वतःला दिलं, त्यातलं मला हे सगळ्यात कठोर आणि सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण त्यात थेंब वाचवण्याच्या आधी वाटणीचा प्रश्न येतो. ओल्या ठाणे जिल्ह्याने वाटणीचा प्रश्न कधी विचारलाच नाही. आभाळातून एवढं पडत असताना वाटायचं काय?

भातसा हे त्याचं उत्तर आहे. शहापूर तालुक्यातल्या भातसा नदीवर सिंचनासाठी म्हणून मोठं धरण झालं, कालवा खणला गेला. १९८३ मध्ये धरण भरत असताना परिसराला भूकंपाचे धक्के बसले आणि कोयनेच्या आठवणीने लोक हादरले. शेतीसाठी म्हटलेल्या या धरणातून आज मुख्यतः मुंबई पाणी पिते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून साठवण सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर धरली जाते, त्यातले ७.१७ लाख एकट्या भातशाचे. नदीतून सोडलेलं पाणी पिसे इथे अडवून उचलायचं आणि पांजरापूरला शुद्ध करायचं. ठाणे पालिकाही पिशातून आपला हिस्सा घेते.

१ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महापालिका झाली, बरोबर एक वर्षाने कल्याणची. दोघींकडे स्वतःचं म्हणावं असं धरण नव्हतं, आजही नाही. ठाण्याचं पाणी चार घरचं: मुंबई पालिकेकडून थोडं, शहाड-टेमघर प्राधिकरणाकडून थोडं, औद्योगिक महामंडळाकडून थोडं, आणि स्वतःच्या योजनेचं. कल्याण-डोंबिवली उल्हासेवर. कल्याण-डोंबिवलीच्या कडेच्या २७ गावांची कथा तर एखाद्या फार्ससारखी आहे: १९८३ मध्ये पालिकेत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. तिथलं पाणी औद्योगिक महामंडळाच्या वाहिनीवर. गाव कुणाचं हेच ठरत नसेल तर पाइप कुणी टाकायचा? पण या काळात तिथे बिल्डरांचे मनोरे मात्र कुठल्याही हद्दीची वाट न पाहता उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत ठाणे पालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेली होती.

मग पुन्हा धरण. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरणाचं काम २०११ मध्ये वनखात्याची अंतिम परवानगी मिळण्याआधीच सुरू झालं. इंदवी तुळपुळे आणि त्यांची श्रमिक मुक्ती संघटना यांनी ग्रामसभांचे विरोधी ठराव हाताशी धरून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये काम थांबलं. प्रस्ताव अजून संपलेला नाही. शहरातला माणूस वैतागून विचारतो, आम्ही काय तहानेने मरायचं? प्रश्न रास्त आहे. पण मुरबाडची बाई तिच्या जागी तेवढाच रास्त प्रश्न विचारते, की तुमच्या आधीच्या धरणांतून आमच्या पाड्याला काय मिळालं? याचं उत्तर ठाण्या-कल्याणकडे नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं आणि सगळा देश हळहळला. त्याच महिन्यांत उल्हासेवरच्या शहरांत आठवड्यातले काही दिवस नळ कोरडे राहत होते. तेव्हा सोसायट्यांना आपापल्या आवारातल्या जुन्या विहिरी आठवल्या. पाऊस आला आणि विहिरी पुन्हा विस्मरणात गेल्या. तीन वर्षांनी, २७ जुलै २०१९ ला, त्याच उल्हासेला पूर आला आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. शेकडो प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. त्याच पावसाळ्यात बारवी धरण वाढवलेल्या उंचीनिशी पहिल्यांदा काठोकाठ भरलं. बुडीत क्षेत्रातल्या वस्त्या हलवल्या गेल्या होत्या. विस्थापित कुटुंबांतल्या एकेकाला नोकरी, आणि त्या नोकऱ्या पाणी घेणाऱ्या शहरांच्या संस्थांनी द्यायच्या, असा तोडगा तिथे निघाला. उशिरा निघाला, कुरकुरत निघाला, पण पाणी पिणारा पाणी देणाऱ्याचं देणं लागतो हे या खोऱ्यात बहुधा पहिल्यांदाच कागदावर आलं.

शहापुरात मात्र तो कागदही नाही. एप्रिलमध्ये तिथल्या पाड्यांवर जाऊन बघावं. विहिरीचा तळ दिसतो, टँकर येतो तो पाणी विहिरीतच ओततो, आणि बायका दोर टाकून ते पुन्हा वर ओढतात. टँकर आला नाही तर नदीच्या कोरड्या पात्रात डवरा खणायचा आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. कसाऱ्याकडच्या डेंगणमाळची बातमी काही वर्षांपूर्वी परदेशी वृत्तसंस्थांनी जगभर नेली, कारण तिथे पाणी आणायला दुसरी बायको करतात. त्या बातम्यांतून बाईची नवलाई तेवढी विकली गेली. धरणं जवळ असताना ही पाळी का आली, ही खरी बातमी होती आणि ती आतल्या पानावरही नीट आली नाही.

पाणी वाचवण्याचं शिक्षण आपल्याकडे बरंच आहे. १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले डॉ. माधवराव चितळे यांनी जलसाक्षरता हा विषय महाराष्ट्रात लावून धरला. जमीन आणि पाणी व्यवस्थापनाची संस्था, वाल्मी, औरंगाबादला १९८० मध्येच निघाली. यशदात जलसाक्षरता केंद्र झालं, जलनायक, जलदूत नेमले गेले. २०१६ पासून १६ ते २२ मार्च हा जलजागृती सप्ताह पाळला जातो. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं शिबिरांत वनराई बंधारे घालतात: सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत माती-वाळू, आणि ओढ्यावर आडवी रास. मोहन धारियांच्या ‘वनराई’ने रुजवलेला हा बंधारा पावसाळ्याच्या शेवटी ओढ्याला धार असताना घातला तर पुढचे काही महिने गुरांना आणि भाजीला पाणी देतो. जानेवारीत फोटोसाठी घातला तर काहीच देत नाही.

पण शहरातल्या शाळेत या सगळ्यातून उरतं ते चित्रकलेचं पोस्टर. टपकणारा नळ, रडणारी पृथ्वी, आणि दात घासताना नळ बंद ठेवा. नळ बंद ठेवावाच. मात्र एवढ्याने मुलांच्या मनात पाण्याचा उगम नळातच आहे, ही समजूत पक्की होते. नळाच्या मागे दीडशे वर्षांची धरणं, बोगदे, बुडालेली गावं आणि वळवलेल्या नद्या आहेत, हे त्या पोस्टरमध्ये येत नाही. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असं सरकारी मानक आहे. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी ते ५५ लिटर आहे. हे दोन आकडे सातवीच्या वर्गात फळ्यावर शेजारीशेजारी लिहावेत आणि मुलांना काय वाटतं ते विचारावं. साळुंख्यांच्या नायगावात माणशी पाणी म्हणजे सगळ्या माणसांना सारखं पाणी होतं.

ठाण्या-डोंबिवलीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या मार्चमधल्या सप्ताहात पोस्टर स्पर्धा एक वर्ष बाजूला ठेवा. प्रत्येक मुलाला घरच्या नळापासून उलटं जात पाण्याचा नकाशा काढू द्या: टाकी, शुद्धीकरण केंद्र, पंप, बंधारा, नदी, धरण, आणि धरणापलीकडचं गाव. आंध्रेपर्यंत जो पोचेल त्याला पहिलं बक्षीस द्या. आणि नकाशावर शहापूर आलं की मुलांना हेही सांगा, की तानसा आणि भातसा पोटात असलेल्या या तालुक्याच्या गावपाड्यांना प्यायचं पाणी देण्यासाठी सरकारने जी योजना मंजूर केली, तिचं पाणी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून, म्हणजे नाशिक जिल्ह्यातून आणायचं आहे.